मदत हवी आहे: केव्हीएम सर्व्हरवर सीआरसी एरर वाढताहेत

नमस्कार मंडळी. ऑफिसात डेबियन लिनक्सवर केव्हीएम (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी सोय) चालतं, सगळ्या व्हीएम, म्हणजे ती आभासी मशीन, एकाच लिनक्स ब्रिजमधून (सॉफ्टवेअरमधला स्विच) बाहेर जातात. रात्री बॅकअप सुरू झाला की वेग पार मरतो. इथटूलमध्ये (नेटवर्क कार्डाची आकडेवारी दाखवणारी कमांड) आरएक्स सीआरसी एररचा, म्हणजे बिघडलेल्या अवस्थेत आत येणाऱ्या फ्रेमचा (डेटाच्या पाकिटांचा), आकडा चढत राहतो. ड्रॉप (जागा नसल्याने टाकून दिलेल्या फ्रेम) मात्र जवळपास शून्य, म्हणून रिंग बफरच्या (कार्डाची फ्रेम साठवायची रांग) वाटेला गेलो नाही. सीआरसी एरर म्हणजे फ्रेम बहुधा तारेवर किंवा तिच्या टोकांच्या हार्डवेअरमध्ये बिघडतेय, तेव्हा ब्रिज किंवा व्हर्टआयओचा (व्हीएमचं आभासी नेटवर्क कार्ड) यात हात नसावा. केबल बदलून पाहिली, फरक नाही. लिंक १००० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स.

आता संशय स्विचच्या पोर्टवर की सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर? स्विच दुसऱ्या टीमकडे आहे आणि पुराव्याशिवाय ते हलत नाहीत! कार्डावर दुसरा पोर्ट रिकामा आहे. चालू व्हीएम बंद न करता ब्रिज तिकडे हलवता येईल का?