सिव्हिलायझेशन ५ हा संगणकीय खेळ (ब्रेव्ह न्यू वर्ल्ड विस्तार): विज्ञानविजय, म्हणजे अंतराळयान बनवून जिंकणं, लांबतोय

प्रश्न: चार शहरं आहेत, तरी विज्ञानात मागे पडतोय. नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर १: आधी लोकसंख्या बघा. लायब्ररी दर दोन नागरिकांमागे १ विज्ञान देते, म्हणजे धान्य हेच मूळ. आपल्याच शहरांतून राजधानीकडे धान्याचे तांडे पाठवा, समुद्रमार्ग मिळाला तर जास्त धान्य येतं. नॅशनल कॉलेज (विज्ञान वाढवणारी राष्ट्रीय इमारत) लवकर उभारा. त्यासाठी प्रत्येक शहरात लायब्ररी लागते, त्यामुळे मध्येच पाचवं शहर वसवलंत की काम अडकलंच! युनिव्हर्सिटी झाली की शहराच्या पडद्यावर जाऊन शास्त्रज्ञांच्या दोन्ही जागा स्वतः भरा, आपोआप व्यवस्थेवर सोडू नका. पहिल्या महान शास्त्रज्ञाची (ग्रेट सायंटिस्ट) अकादमी करा, म्हणजे त्याला वापरून नकाशावर विज्ञान देणारी जागा उभारा; पुढे रॅशनॅलिझम हा विज्ञानाला बळ देणारा धोरणगट घ्या.

उत्तर २: शेवटी घोळ ॲल्युमिनियम या संसाधनाचा होतो. अपोलो प्रोग्रॅम हा प्रकल्प पूर्ण झाल्यावर यानाचे सहा भाग लागतात: तीन बूस्टर, कॉकपिट, स्टॅसिस चेंबर, इंजिन. प्रत्येकाला १ ॲल्युमिनियम. हायड्रो प्लांट ही इमारतही तेच खाते, म्हणून सहा युनिट आधीच राखून ठेवा. कमी पडलं तर रिसायकलिंग सेंटर २ देतं. फ्रीडम विचारसरणीत स्पेस प्रोक्युरमेंट्स हे तत्त्व घेतलं तर भाग सोन्याने विकत घेता येतात. भाग राजधानीत नेऊन जोडावे लागतात, वाटेत सैन्य सोबत ठेवा.