मदत हवी आहे: जकार्ड डिझाइनच्या कामाला एएमडी रायझन की इंटेल प्रोसेसर? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरींचं छोटं युनिट आहे. जकार्डचं (मागावर विणून उठवायच्या नक्षीचं) डिझाइन ज्या कॉम्प्युटरवर होतं तो पार थकलाय. मोठी फाइल उघडायला टाकली की डिझायनर चहा पिऊन येतो. नवा असेंबल करायचाय, मॉनिटर सोडून ५० हजारांत बसला तर उत्तम.

नवी पेठेतला दुकानदार इंटेलचा कोअर आय५-१४४०० घ्या म्हणतो. "एएमडी तापतो, मालक." भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, मामा, त्या २०१७ च्या आधीच्या गोष्टी. वाचलं त्यावरून मलाही तसंच वाटतंय. २०१७ला रायझन आला तेव्हाच कुठे इंटेलने घरगुती कॉम्प्युटरला चारपेक्षा जास्त कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) द्यायला सुरुवात केली. तोवर गिऱ्हाईक जाणार कुठे!

दोन शंका आहेत. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत जादा व्होल्टेजने चिप खराब व्हायची भानगड झाली होती, त्यात हा १४४०० येतो का? आणि डिझाइनची खोली यंत्रमागांच्या शेडला लागून आहे. एसी नाही, सुताची धूळ भरपूर, मे महिन्यात बाहेर ४३ अंश. अशात टिकेल कोणता?

---

कोअरबाज:

१४४०० बिनधास्त घ्या, तो त्यात नाही. त्रास नावात के असलेल्या आय५ला आणि आय७, आय९ला होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती) दिला, त्या चिप्सची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

पण तापण्याचं म्हणाल तर दुकानदाराचं गणित उलटं आहे. रायझन ५ ७६०० पूर्ण लोडवर साधारण ८८ वॉटपर्यंत जातो. १४४०० कागदावर ६५चा, पण टर्बोत (जादा वेगात) १४८ वॉटपर्यंतची मुभा आहे. तुमच्या खोलीत हा फरक जाणवेल.

दुसरं म्हणजे सॉकेट, बोर्डावर चिप बसते ती जागा. १४४००चं सॉकेट त्याच पिढीशी संपलं, २०२४च्या कोअर अल्ट्राला नवा बोर्ड लागतो. ७६००च्या एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७ आणि पुढेही चिप्स देऊ म्हटलंय. आधीच्या एएम४ला त्यांनी शब्द पाळला होता, २०१७च्या कितीतरी बोर्डांवर बायोस (बोर्डाचं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२चा रायझन ५८००एक्स३डी बसला.

एकच अडचण, एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते. इंटेलच्या त्या सॉकेटचे डीडीआर४चे बोर्डही मिळतात. जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ असेल तर इंटेल स्वस्त पडेल. रॅम काढून बघा. आणि कुठलाही घ्या, एनव्हीएमई एसएसडी (जलद साठवणीची डिस्क) घालाच, फाइल उघडण्यातला बराचसा वेळ तिथेच वाचेल.

---

धागाकर्ता:

काढून बघितली, डीडीआर३ निघाली, ती दोन्हींत चालणार नाही. प्रश्नच मिटला. ७६००चं कोटेशन मागवतो. त्याला लागणारा एएम५चा बी६५० बोर्ड सोलापुरात कुणाकडे तयार असतो का? नसेल तर भाच्याला शनिवारी येताना आणायला सांगतो.