एअर पिस्तुलाचे छर्रे घरीच ओतावेत का? (कोल्हापूर, महिना १५०० रुपये)

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे. दीड वर्ष झालं, दुधाळीच्या रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल शिकते. पिस्तूल क्लबचं, छर्रे आपले आपण आणायचे. आठवड्यात पाच दिवस, रोज ६०-७० छर्रे. म्हणजे महिन्याला ५०० चे जवळजवळ तीन डबे. मला महिन्याला १५०० च्या वर जमत नाही. मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपला आहे, साचा स्वतः करू शकतो. शिसं भंगारात मिळतं. छर्रे घरी ओतून कुणी पाहिलेत का? ते होणारं नसेल तर बजेटात बसणारा डबा सुचवा.

रंकाळा_७१
डोळे झाकून आरडब्ल्यूएस कंपनीचे आर१० छर्रे घ्या. माझा मुलगा चार वर्षं तेच वापरतोय, राज्य स्पर्धा खेळून आलाय. मध्ये एकदा स्वस्तातला डबा आणला, निम्म्या छर्र्यांची शेपटी चेपलेली. खेळात पैसे वाचवायला जाऊ नये. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते काय स्वस्त गोळ्यांवर?

बावडेकर
१५०० लिहिलंय हो त्यांनी. आणि स्वप्नील कुसाळे ५० मीटर रायफलचा, तिथं .२२ ची काडतुसं लागतात. छर्र्यांचा त्यात संबंध नाही. पिस्तुलाचं उदाहरण द्यायचं तर राही सरनोबतचं द्या. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण.

रंकाळा_७१
राहीचंही २५ मीटर पिस्तूल. तिथंही .२२ च. मुद्दा दर्जाचा आहे.

शिरोलीचा_भट्टीवाला
पॅटर्नवाले भाऊ, तुमच्याच एरियात मी २२ वर्षं ओतकामात आहे, म्हणून मनापासून लिहितो. शिसं ३२७ अंशाला वितळतं, गॅसवरही होतं. वितळवणं अवघड नाही. अवघड आहे तो छर्रा. डब्यातला एक छर्रा हातात घ्या. डोकं सपाट, कंबर बारीक, मागं पोकळ घागरा. त्या घाघऱ्याची भिंत कागदासारखी पातळ. मागून हवेचा दाब बसला की ती फुलते आणि नळीतल्या आट्यांना घट्ट धरते. इतक्या पातळ जागेत शिसं साच्यात धड पोचत नाही, आधीच गोठतं. म्हणून कारखान्यात छर्रे ओतत नाहीत. शिशाची तार तोडून डायमध्ये दाबतात. एकेक छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. त्यात थोडा फरक पडला तरी कागदावर दिसतो.

दुसरं, भंगारातलं शिसं मऊ नसतं. गाडीच्या चाकांना समतोलासाठी जी शिशाची वजनं लावतात, त्यात अँटिमनी नावाचा धातू असतो, त्यानं शिसं कडक होतं. बॅटरीच्या पट्ट्यांना तर हातच लावू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

तिसरं माझ्या अंगावरचं. एका पावसाळ्यात ओलसर तुकडा मुशीत टाकला. पाण्याची क्षणात वाफ झाली आणि शिसं उसळून मनगटावर आलं. डाग अजून आहे. घरात पोर असताना हे करू नका.

गडहिंग्लजकर
शिसं ओतायचं म्हटलं की आजोबा आठवतात. त्यांच्याकडं परवान्याचं .४५५ चं वेब्ली रिव्हॉल्व्हर होतं. काडतुसं मिळेनाशी झाली तेव्हा परड्यात चुलीवर शिसं वितळवून गोळ्या ओतायचे, जुन्या पितळी पुंगळ्या परत भरायचे. लई भारी माणूस. मलाही एखादी भरून बघायची आहे. साचा करणारे कुणी भेटेल का?

बावडेकर
दादा, आजोबांचा आदर आहे, पण हे इथं विचारू नका. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. शस्त्र बाळगायचा परवाना असला म्हणून काडतूस भरायची मुभा मिळत नाही. वारसानं आलेलं शस्त्र असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात कागद नीट करा. धागाकर्त्याचं प्रकरण वेगळं. ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली एअर पिस्तुलं परवान्यातून सुटलेली आहेत.

शिरोलीचा_भट्टीवाला
फरकही बघा. वेब्लीची गोळी २६५ ग्रेन, म्हणजे १७ ग्रॅमचा भरीव गोळा, तो साच्यात आपोआप भरतो. छर्रा पोकळ. एक ओतता आलं म्हणून दुसरं येत नाही.

नेमबाजाची_आई
दादा, मुलगी शिकतेय म्हणून सांगते. आमचे कोच आठवड्यातले दोन दिवस छर्राच भरू देत नाहीत. ड्राय फायर. पिस्तूल उचलायचं, साइट (नेम धरायची खूण) जुळवायची, ट्रिगर ओढायचा, साइट हलली का ते बघायचं. नियमानं ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम ओढ लागते, बहुतेक पोरांचा नेम तिथंच बिघडतो, आणि ते सुधारायला एक छर्रासुद्धा लागत नाही. पिस्तुलात ड्राय फायरची सोय आहे का ते क्लबमध्ये विचारून घ्या, नसेल तर रिकामं चालवू नका. आमचा खर्च यानं खरंच खाली आला.

आणि शिशाचं मनावर घ्या. छर्रे तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर खायचं नाही, निघताना साबणानं हात धुवायचे. पोरं चिक्कीचं पाकीट उघडतात त्याच हातानं. मला ते बघवत नाही.

रंकाळा_७१
ड्राय फायर ठीक. पण मॅचला ७५ मिनिटांत ६० नेम खरेच मारायचे असतात. आर१०.

बावडेकर
रायफलला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, तिथं डबा तपासून घ्यावाच लागतो. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. दीड वर्षाच्या मुलीचा हात डब्यातल्या फरकापेक्षा जास्त हलतो. भारतीय बनावटीचा सपाट डोक्याचा डबा घ्या, आठवड्याला दहा छर्रे टेकू लावून मारून बघा. भोकांचा गट जवळजवळ पडला की तोच चालू ठेवा. महागडा डबा मॅचच्या आधी दोन आठवडे.

उजळाईवाडी_एक
माझंही मत आर१०.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. ओतायचं डोक्यातून काढलं. भट्टीवाले भाऊ, तुमचं मनगट वाचून बायकोनं भंगाराची पिशवी रातोरात परत पाठवली.

बावडेकरांच्या सांगण्यावरून भारतीय डबा आणला. लेकीनं तीन दिवस मारला. गट खरंच वाईट नव्हता. पण चौथ्या दिवशी आठ पडला की ती हाताकडं न बघता डब्याकडं बघायला लागली. मी शेजारी उभा होतो, मला ते दिसलं. म्हणून आर१० चाच एक डबा आणला, ४.४९ मिमी डोक्याचा, आणि त्यावरच राहणार. महिन्याला तीन नाही, एकच. सोमवार ते बुधवार ड्राय फायर, गुरुवार-शुक्रवार छर्रे. बजेटच्या थोडं वर जातंय, मी ओव्हरटाइम धरलाय.

नेमबाजाची_आई
तीन दिवस कोरडं जरा जास्त होतं, पोरं कंटाळतात. दोनच ठेवा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात डबा बाथरूमच्या भिंतीच्या कपाटात ठेवू नका. दमट हवेनं छर्र्यांवर पांढरी भुकटी धरते, तीही शिशाचीच. हवाबंद डब्यात ठेवा, वर मुलीचं नाव लिहा आणि घरातल्या धाकट्याचा हात पोचणार नाही इतकं उंच ठेवा.