यांचा हात मोडला त्या लॉबबद्दल

सोसायटीचा पिकलबॉल ग्रुप (पॅडल नावाच्या छोट्या फळीने जाळीवरून चेंडू मारायचा खेळ), कुडाळ. रविवार

बी-२०३ काकू, सकाळी ९:४०
सगळ्यांना नमस्कार. तुम्ही फोन केलेत, दोन दिवस डबे पाठवलेत, फार आधार वाटला. यांच्या डाव्या मनगटाला प्लॅस्टर आहे, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. पण आज लिहितेय ते वेगळ्या कारणाने. मी बाकावर बसले होते, सगळं डोळ्यांदेखत झालं. समोरून लॉब आला, म्हणजे उंच मारलेला चेंडू, तो यांच्या डोक्यावरून गेला. हे तोंड जाळीकडेच ठेवून उलट्या पावलांनी मागे गेले, टाच अडकली आणि मागे हात टेकून पडले. सगळा भार त्या तळहातावर. जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, तिथून दोन हातांवर होता. डोकं आपटलं असतं तर? रात्री तेच डोळ्यांसमोर येतं.

ए-१०१ काका, ९:४६
वहिनी, काळजी घ्या. त्या दिवशी कोर्ट ओलं होतं काय?

बी-२०३ काकू, ९:४८
नव्हतं, भाऊजी. साडेसात वाजून गेले होते, खणखणीत ऊन होतं. म्हणूनच सांगते, ओलीवर सगळं ढकलून मोकळे होऊ नका.

सी-३०१ फिजिओताई, १०:०५
काकू बरोबर बोलतायत. उलटं धावताना वजन टाचांवर जातं, तोल गेला की सावरायला काही उरत नाही. माणूस हात मागे टाकतो आणि मनगट मोडतं. चेंडू डोक्यावरून गेला की आधी वळा. पॅडल उजव्या हातात असेल तर उजवा पाय मागे टाका, अंग आडवं करा आणि चेंडूच्या दिशेने तोंड करून धावा. डबल्समध्ये बरेचदा जोडीदाराला तो चेंडू तिरका धावत सोपा पडतो, म्हणून ‘माझा’, ‘तुझा’ मोठ्याने ओरडा. दोघांनाही जमत नसेल तर एक गुण जाऊ दे.

ए-१०१ काका, १०:११
हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. बॅडमिंटनच्या डबल्सचंच कोर्ट, ४४ बाय २० फूट, चेंडू प्लॅस्टिकचा. त्यात काय होणार, असं वाटून आम्ही उतरलो की थेट सर्व्हिस करतो.

सी-३०१ फिजिओताई, १०:२०
काका, कोर्ट लहान म्हणूनच झटके जास्त. थांब, वाक, उसळ, पुन्हा थांब. थंड पोटरीला ते झेपत नाही. पाच-दहा मिनिटं झपझप चाला, टाचा वीसेक वेळा वर-खाली करा, आडव्या पावलांनी कोर्टभर फिरा, खांदे फिरवा. एका जागी धरून ठेवायचं स्ट्रेचिंग खेळ संपल्यावर.
आणि एक. खेळताना पोटरीच्या खाली कोणी मागून लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘टक्’ झालं, चवड्यावर उभं राहता येईना, तर तेल चोळत बसू नका. टाचेमागची शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

ए-२०२, १०:२६
ताई, रनिंग शूज चालतील ना? आमच्याकडे सगळ्यांचे तेच आहेत.

सी-३०१ फिजिओताई, १०:३१
नको रे. त्यांचा तळ जाड आणि मऊ, सरळ धावण्यासाठी केलेला. आडवं सरकलास की घोटा मुरगळतो. बॅडमिंटन किंवा टेनिसचे घे. तळाची नक्षी झिजली की बदल, मग वरून कितीही चांगले दिसोत.
जाळीजवळ उभे राहणाऱ्यांनी पॉलिकार्बोनेटचा खेळायचा चष्मा लावा. चौदा फुटांवरून आलेल्या चेंडूपुढे पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही.

ए-००३ आजी, १०:३८
माका खेळातला काय कळणा नाय, पण सकाळी दव पडता तेव्हा अंगण निसरडा जाता, ह्या माका कळता.

सेक्रेटरी, १०:५२
आजी, खरं आहे. पावसाळ्यानंतर गडग्याकडच्या कोपऱ्यात शेवाळ राहिलंय, मी आत्ताच बोट लावून पाहिलं, हिरवं बोट झालं. ब्लीचिंग पावडर टाकून घासावं लागेल. आंब्याची पानंही रोज झाडायला हवीत.
मुख्य गोष्ट मागच्या जागेची. आपल्या मागच्या रेषेपासून गडगा जेमतेम तीन फूट. पिकलबॉलला चारही बाजूंची मोकळी जागा धरून निदान ६० बाय ३० फूट लागतात. रेषा पाच फूट पार्किंगकडे सरकवल्या तर गडगा लांब जाईल.

बी-१०२ दादा, १०:५५
आणि आमच्या दोन स्कूटर?

बी-२०३ काकू, ११:०२
दादा, आमच्या गाडीची जागा घ्या. हे सहा आठवडे काही गाडी चालवणार नाहीत. पुढचं पुढे बघू. पण त्या गडग्याशी परत कोणी पडायला नको.

बी-१०२ दादा, ११:०६
काकू, असं नका म्हणू. स्कूटर मी गेटजवळ लावतो. रेषा सरकवा.

ए-१०१ काका, ११:१०
उन्हाचंही बघा. या दिवसांत आठनंतर घामाने पॅडल हातात फिरतं, मग आपण मूठ आवळतो आणि कोपर धरतं. मला महिनाभर चहाचा कप उचलताना कळ यायची. आता मूठ ढिली ठेवतो, ग्रिप बदलली आणि दोन दिवस खेळून एक दिवस सुट्टी घेतो. मीठ घातलेलं कोकम सरबत मी रोज आणीन.

सेक्रेटरी, ११:१५
मग उद्या खेळ बंद. साडेसहाला कोर्ट घासू, नंतर रेषा मारू. कोण कोण येतंय?

बी-२०३ काकू, ११:१७
मी येते. खराटा आणि बादली आमच्याकडची.