एसएसएच 'रिफ्यूज्ड', पिंग मात्र चालू: स्विच रिलोड न करता आत कसं शिरायचं?

पोर्ट_चोवीस:
सिस्को आयओएसवरचा (सिस्कोची स्विच चालवणारी सिस्टिम) ॲक्सेस स्विच आहे. पिंग व्यवस्थित, ट्रॅफिक चालू. पण एसएसएच (नेटवर्कवरून लांबून लॉगिन) केलं की लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. कन्सोल केबलने (९६००, ८-एन-१) आत जाता येतं. दिवसा रिलोड (रिस्टार्ट) करता येणार नाही. काय तपासू?

कन्सोलवाला:
टाइमआउट न होता लगेच नकार येतोय, म्हणजे व्हीटीवाय लाइन्स (लांबून लॉगिन करणाऱ्यांसाठीच्या मोजक्या जागा) भरल्या असाव्यात. कन्सोलवर 'शो युजर्स' द्या. '*' ही खूण असलेली ओळ तुमची. बाकीच्यांचा आयडल कॉलम बघा. तासच्या तास किंवा दिवस दिसले तर ती सेशन्स मेलेली आहेत. 'क्लिअर लाइन व्हीटीवाय ३' असं एकेक उडवा. 'व्हीटीवाय' गाळू नका, नुसता आकडा दिला तर तो एकूण लाइन्समधला क्रमांक धरला जातो आणि भलतंच सेशन तुटतं.

लॅपटॉप स्लीपमध्ये गेला किंवा मधल्या फायरवॉलने कनेक्शन टाकून दिलं, तर स्विचला त्याचा पत्ताच लागत नाही. डीफॉल्ट १० मिनिटांत लाइन आपोआप सुटते. सुटत नसेल तर कुणीतरी 'एक्झेक-टाइमआउट ० ०' (म्हणजे कधीच सुटू नको) करून ठेवलंय. ते '१० ०' करा, शिवाय ग्लोबल मोडमध्ये 'सर्व्हिस टीसीपी-कीपअलाइव्ह्ज-इन' द्या, म्हणजे पलीकडचा गेलाय हे स्विचला कळतं.

पोर्ट_चोवीस:
व्हीटीवाय ० ते ४ वर खरंच '० ०' होतं. क्लिअर केल्यावर एसएसएच लागलं. पण ५ ते १५ तर रिकाम्याच होत्या, मग नकार का?

ट्रंक_आणि_टॅग:
'शो रन | सेक्शन लाइन' बघा. ५ ते १५ खाली 'ट्रान्सपोर्ट इनपुट नन' (बाहेरून कुणालाच घेऊ नको) असणार. हे दोन गट कॉन्फिगमध्ये वेगळे दिसतात आणि लोक फक्त वरचाच भरतात. उलटा प्रकार जास्त वाईट: ० ते ४ वर ॲक्सेस-क्लास (कुठून लॉगिन चालेल याची मर्यादा) आणि ५ ते १५ सताड उघड्या. 'लाइन व्हीटीवाय ० १५' मध्ये शिरून सगळं एकदमच द्या: 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच', 'लॉगिन लोकल', 'ॲक्सेस-क्लास १० इन'. त्याआधी युजरनेम आणि एसीएल (कोणत्या पत्त्यांना परवानगी याची यादी, इथे क्रमांक १०) तयार हवेत. एसीएल नव्या सेशनलाच लागते, चालू सेशन टिकतं. म्हणून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघितल्याशिवाय पहिली बंद करू नका.

शेवटची लाइन १५ वेगळ्या एसीएलने फक्त ॲडमिनच्या मशीनसाठी राखली, तर बाकीच्या भरल्या तरी तुमचा रस्ता उरतो.

कन्सोलवाला:
याला जोडून: लांबून ट्रंकला (अनेक व्हीलॅन, म्हणजे वेगळी केलेली नेटवर्क्स, वाहणाऱ्या लिंकला) हात लावताना 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०' लिहा. 'ॲड' राहिलं की आधीची यादी पुसून फक्त ३० उरतो, आणि मॅनेजमेंट व्हीलॅन त्याच ट्रंकवर असेल तर तुम्हीही बाहेर. अशा बदलाआधी 'रिलोड इन १०' (१० मिनिटांनी आपोआप रिलोड), सगळं नीट चाललं की 'रिलोड कॅन्सल' आणि मगच सेव्ह. आधीच सेव्ह केलंत तर रिलोडनंतर तीच चूक परत वर येते.

ट्रंक_आणि_टॅग:
दिवसा रिलोड नको असेल तर, 'आर्काइव्ह' खाली 'पाथ' सेट असल्यास, 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर ५' वापरा. ५ मिनिटांत 'कॉन्फिगर कन्फर्म' दिलं नाही तर जुनं कॉन्फिग परत येतं, स्विच बंद पडत नाही.