सल्ला हवा: सातवीच्या इतिहासासाठी ग्राफिक ऑर्गनायझर (माहिती मांडायच्या आकृत्या), पट ४२, बजेट ८०० रुपये

सातवीचा_वर्ग
नमस्कार. सातवीला शिवकाल सुरू होतोय. पट ४२, तास ३५ मिनिटांचा. आठ मुलं अजून अडखळत वाचतात. एका मुलीची दृष्टी कमी आहे, चष्मा लावूनही तिला पुस्तकातली अक्षरं दिसत नाहीत. आणि पाच-सहा जण दहा मिनिटांत सगळं संपवून बसतात. संकल्पनाचित्र, ओघतक्ता (बाणांनी जोडलेल्या चौकटी) की कालरेषा, कशापासून सुरुवात करू? सगळ्यांना एकच तक्ता द्यावा का? पूर्ण सत्रासाठी ८०० रुपये आहेत. प्रोजेक्टर नाही.

शाईपेन
सरळ लॅमिनेशन मशीन घ्या. अडीच-तीन हजारांत येतं आणि वर्षानुवर्षं चालतं. ४२ कोरे तक्ते एकदाच लॅमिनेट करायचे, वर व्हाइटबोर्ड मार्करने लिहायचं, पुसायचं, दुसऱ्या धड्याला तेच वापरायचे. पाऊच ग्लॉसीच घ्या, मॅटवरून शाई नीट पुसली जात नाही. लिहिलेलं दोन-तीन दिवस तसंच राहिलं तर डाग धरतो, तो स्पिरिटने निघतो.

पाठकोरा
८०० रुपये म्हणालेत ते. झेरॉक्सचा हिशेब करा: पानाला २ रुपये धरले तर ४२ मुलांचे ८४. म्हणजे सत्रात जेमतेम नऊ तक्ते होतात. म्हणून आकृती छापूच नका. पाठकोऱ्या कागदाला घड्या घालायला शिकवा. दोनदा घडी घातली की चार चौकटी, तीनदा घातली की आठ. पट्टी लागत नाही, आणि चौकटी आखण्यातच अर्धा तास जातो तो वाचतो.

मनोनकाशा
माइंड मॅप! मध्ये ‘स्वराज्य’, भोवती किल्ले, आरमार, अष्टप्रधान, लढाया. रंगीत स्केचपेन द्या. मुलं आवडीने करतात.

दुवा
आवडीने करतात, पण त्यातून इतिहास येत नाही. माइंड मॅपमध्ये सगळ्या रेषा मधल्या शब्दाकडे जातात, ‘किल्ले’ आणि ‘आरमार’ यांचा आपसात संबंध काय हे कुठेच लिहावं लागत नाही. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोवाक यांच्या संकल्पनाचित्रात प्रत्येक रेषेवर जोडशब्द असतो आणि दोन चौकटी व जोडशब्द मिळून वाक्य झालंच पाहिजे: ‘सिंधुदुर्ग – बांधला – सिद्दी व युरोपियनांवर वचक ठेवण्यासाठी’. जोडशब्द नसलेली रेषा म्हणजे चुकीची रेषा, असं पहिल्याच दिवशी सांगा.

मनोनकाशा
सातवीच्या मुलांना जोडशब्द जड जातात. आधी माहिती तरी जमू द्या.

दुवा
सुट्टे शब्द जमवायला साधी यादी पुरते. जोडशब्द जड जात असतील तर चारच द्या: ‘मुळे’, ‘साठी’, ‘म्हणून’, ‘पैकी एक’.

सहवर्ग
मी समावेशित शिक्षणात काम करते. तीन गोष्टी सांगते, बाकीचं वर आलेलंच आहे.

तीन वेगळे तक्ते करू नका. सांगाडा एकच, भरलेला भाग कमी-जास्त. अडखळत वाचणाऱ्यांना सहा चौकटींपैकी तीन भरून द्या, खाली शब्दपेटी द्या. तीन रिकाम्या जागांना शब्द चार ठेवा. नेमके तीनच दिले तर शेवटचा न वाचताच बसतो. मधल्या गटाला पहिली चौकट भरून द्या. भराभर संपवणाऱ्यांना जास्त चौकटी देऊ नका, ती शिक्षाच वाटते. त्यांना कोरा कागद द्या आणि कोणती आकृती योग्य ते ठरवून कारण लिहायला सांगा. कागदांवर गट अ, ब, क असं काही लिहू नका आणि गटाप्रमाणे कागदाचा रंगही बदलू नका. मुलांना लगेच कळतं.

कमी दिसणाऱ्या मुलीसाठी लोक ए-फोरचं ए-थ्री झेरॉक्स काढून देतात. त्यात अक्षर १४१ टक्केच होतं, १२ पॉइंटचं जेमतेम १७. शिवाय एवढा मोठा कागद नजरेखाली येत नाही, ती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात बाण शोधत बसते. त्यापेक्षा चौकटी चारच ठेवा, अक्षर बोटाच्या पेराएवढं, जाड काळा मार्कर. बाण लाल-हिरवे करू नका. एक सलग, एक तुटक ठेवा, रंग न ओळखणाऱ्या मुलांनाही ते वाचता येतात.

तिसरं: एकच आकृती किमान दोन आठवडे चालवा. पहिला तक्ता तुम्ही बोलत बोलत फळ्यावर भरा, दुसरा वर्गाकडून, तिसरा जोडीत, चौथा एकट्याने. दर तासाला नवी आकृती आली की मुलं आकृतीच शिकत बसतात, धडा राहतो.

दहावीचा_पेपर
पुढे दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, ‘आकृती पूर्ण करा’, ‘ओघतक्ता पूर्ण करा’ येतंच. तेच आतापासून सराव म्हणून द्या.

दुवा
त्या प्रश्नांनीच घोटाळा केलाय. उताऱ्यातला शब्द उचलून चौकटीत टाकला की गुण. उतारा न समजताही जमतं. वर्गात तक्ता भरून झाला की शेवटची आठ मिनिटं तो पालथा घालून जोडीदाराला चार वाक्यांत सांगायला लावा. सांगता आलं नाही तर ती नुसती नक्कल होती.

शाईपेन
लॅमिनेट केलं की हेही पुन्हा पुन्हा करता येतं. मशीन नको असेल तर दुकानातून करून घ्या.

सनावळी
शिवकालाला ओघतक्ता घ्या, पण एक काळजी. मुलं ‘नंतर’ला ‘म्हणून’ समजतात. १६६३ शायिस्तेखान, १६६४ सुरत, १६६५ पुरंदरचा तह, १६६६ आग्रा: सगळे बाण सारखेच काढतात. प्रत्येक बाणावर ‘नंतर’ किंवा ‘म्हणून’ यांपैकी एक लिहायला लावा, आणि ‘म्हणून’ लिहिलं तर पुस्तकातलं वाक्य दाखवायला लावा. पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, ‘म्हणून’ १६७० पासून ते परत घेण्याची मोहीम. हा बाण टिकतो. आग्र्याहून सुटका आणि राज्याभिषेक यांच्यामध्ये मात्र नुसतं ‘म्हणून’ टिकत नाही, मधल्या आठ वर्षांच्या चौकटी लागतात. अडखळत वाचणारी मुलंही हा वाद तोंडी छान घालतात.

पाठकोरा
कालरेषा हवी असेल तर वहीत नको. १६३० ते १६८० म्हणजे ५० वर्षं. वर्षाला ५ मिलिमीटर धरले तर २५ सेंटिमीटर होतात, आडव्या ए-फोरवर मावतात. पण १६६३ ते १६६६ या चार वर्षांच्या खुणा दीड सेंटिमीटरमध्ये येतात आणि सगळी अक्षरं एकमेकांवर चढतात. मग मुलं अंतर सोडून नुसती यादी करतात. भिंतीवर सुतळी लावा, पाच-पाच वर्षांना गाठ.

सहवर्ग
सुतळी उत्तम, त्या मुलीला हाताने चाचपता येईल. पण गाठी नकोत. प्रत्येक गाठीत सुतळी आखडते आणि पुढची सगळी वर्षं सरकतात. मोजून कापडी पट्टी चिकटवा, पाच वर्षांना रुंद, एका वर्षाला अरुंद.

सातवीचा_वर्ग
सर्वांचे आभार. लॅमिनेशन नाही, झेरॉक्स नाही, आणि बहुतेकांनी सुचवलेली चौकटींची आकृती पहिला महिना तरी नाही. व्हरांड्यात १० मीटर सुतळी, वर्षाला २० सेंटिमीटर. ए-फोर अर्धा केला की १४.८ सेंटिमीटर रुंद कार्ड होतं, शेजारच्या वर्षाला धडकत नाही. दर अडीच मीटरला खिळा, नाहीतर मध्ये झोळ पडेल. उंची मुलांच्या छातीएवढी. चार डझन चिमटे आणि सुतळी मिळून ३०० च्या आत बसतंय.

सनावळी
कार्डांमधल्या ‘म्हणून’चं काय?

सातवीचा_वर्ग
दोन कार्डांना जोडणारा लोकरीचा धागा. धागा बांधायचा तर कारण सांगायचं, वर्गाला पटलं नाही तर सोडायचा.

मनोनकाशा
लोकर रंगीत घ्या.