उंटाच्या केसांचं सूत कोकणच्या दमट हवेत टिकेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूचे. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे उंटवाले भाऊ होळीच्या सुमारास उंट कातरतात आणि केस तिथेच टाकून देतात. यंदा मी त्यांच्याकडून गोणभर मागून आणलेत. आमच्या बचत गटातल्या काही जणींचा काथ्या वळण्यात हात बसलेला आहे, त्यामुळे हे केस वाया जाऊ नयेत असं फार वाटतं.

मान, खांदा आणि वशिंडावरचे केस लांब आहेत. झुपका चिमटीत धरून हळू ओढला की राठ केस बोटांत राहतात आणि खालची फिकट तपकिरी लव सुटते. पण लव अगदीच थोडी निघते. उंची कोटांचं मऊ कापड होतं ते मंगोलिया-चीनकडच्या दोन वशिंडांच्या उंटांच्या लवेचं. वसंतात ती आपोआप गळते. आपले एका वशिंडाचे, त्यांचा केस राठ. राजस्थान-कच्छकडे त्यात बकरीचे केस किंवा सूत मिसळून दोर, पोती, सतरंज्या करतात. मला तोच मार्ग बरा वाटतो. ब्रशवाल्यांना विका असंही एकाने सुचवलं, पण ‘कॅमल हेअर’ म्हणून मिळणारे रंगाचे ब्रश बहुतेक खारीच्या नाहीतर दुसऱ्याच जनावरांच्या केसांचे असतात.

खरी अडचण धुण्याची आणि पावसाळ्याची. केसांत बारीक वाळू आणि वाळलेलं शेण आहे. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून न चोळता काढायचं ठरवलंय, चोळलं तर गुठळ्या होतील. पण जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. कडुलिंबाचा पाला घालून डब्यात बंद करावं, की हवा लागेल असं टांगावं? कसर लागू नये म्हणून काय करता?

राठ केस काथ्याबरोबर वळून दावं केलं तर पीळ धरेल का? नुसता केस निसरडा लागतो, सुटतो. आणि लव मेंढीच्या लोकरीबरोबर पिंजून घोंगडीच्या मागावर कुणी घेतली आहे का? आमच्या भागात माग नाही, त्यामुळे देशावरचा विणकर थोडंसं विणून देईल का, हेही कळवा.

उंटांचीही काळजी वाटते. ही केसाळ कातडी त्यांना उन्हापासून वाचवते. १९५०च्या दशकात सहारात क्नूट श्मिट-नील्सन या प्राणी-शरीरशास्त्रज्ञांनी पाहिलं तेव्हा कातरलेल्या उंटाच्या अंगातून न कातरलेल्याच्या सुमारे दीडपट पाणी जात होतं. आमच्या मागणीमुळे भाऊंनी जास्त कातरू नये. किती केस ठेवायला सांगू? पावसाळ्यात उंटांना खरूज होते, तेव्हा अंगाला औषध लावतात. अशा उंटाचे केस हाताळणं सुरक्षित आहे का, औषध लावल्यावर किती दिवस थांबावं? पशुवैद्य किंवा उंट पाळणारं कुणी इथे असेल तर या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, तोवर नवीन केस घेणार नाही.